चौदा व्होल्टची डबी

मित्रांनो, व्हॅनमधून काढून ठेवलेला मी एक जुना व्होल्टेज रेग्युलेटर आहे. नाव भारदस्त असले तरी दिसायला मी काळ्या डबीसारखा, आणि माझ्या घरी मला डबीच म्हणत.

इंजिन फिरले की अल्टरनेटर वीज तयार करतो. गाडी पळू लागली की वीजही वाढते. ती तशीच पुढे गेली तर दिवे जळतील, बॅटरी उकळेल. म्हणून मध्ये मी असतो. माझ्या पोटातले दोन छोटे पॉइंट सेकंदाला कितीतरी वेळा उघडतात, मिटतात आणि विजेला चौदा व्होल्टच्या फारसे पुढे जाऊ देत नाहीत. आवरणे एवढेच माझे काम. ते नीट झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

माझे मालक शिवणयंत्रे दुरुस्त करत गावोगाव फिरायचे. बावीस वर्षे मी त्यांच्याबरोबर होतो. ही डबी बोलत नाही म्हणून आवडते, असे ते म्हणायचे. त्यावर मालकीणबाई म्हणायच्या, हे कोणाला सांगणं चाललंय ते कळलं बरं.

मग बाईंची फुप्फुसे थकली. घरात प्राणवायूचे यंत्र आले. त्यांना थोरल्या बहिणीला एकदा भेटायचे होते. बहिणीचे गुडघे गेलेले, तिला येता येत नव्हते, आणि वाट सहा तासांची. यंत्र व्हॅनमध्ये इन्व्हर्टरवर चालवायचे तर जुना अल्टरनेटर पुरणार नव्हता. दुसऱ्या शहरातली मुलगी रोज फोनवर विचारायची, मी येऊ का? मालक रोज सांगायचे, "कशाला? मी आहे ना."

वायरिंगच्या मिस्त्रींनी दुप्पट ताकदीचा अल्टरनेटर आणि जाड केबल बसवली. मलाही बदलावे लागेल असे ते म्हणाले. मालकांनी ऐकले नाही. बावीस वर्षांत ह्या डबीची एक तक्रार नाही, म्हणाले. खरे सांगतो, मला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंना मागे बसवून, यंत्र सुरू करून एक फेरी मारून पाहिली. चढावर माझे पॉइंट तापले आणि एकमेकांना चिकटले. मग मला काहीच आवरेना. बॅटरी उकळून आंबूस वास सुटला. इन्व्हर्टर बंद पडला आणि यंत्र ओरडू लागले. बाईंचे ओठ निळसर झाले होते. मालकांनी गाडी कडेला घेतली आणि जवळचा प्राणवायूचा छोटा सिलिंडर लावला.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी माझे झाकण उघडले.

"ऐन वेळी दगा दिला हिने," मालक म्हणाले.

"काका, त्याला कशाला बोलता? एवढ्या भारासाठी तो केलेलाच नाही."

बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. दम घेत घेत म्हणाल्या, "अहो, पोरीला फोन करा. आणि मी आहे ना, असं सांगू नका तिला. ये म्हणा."

मालकांनी तिथूनच मुलीला फोन लावला. मग म्हणाले, "येतेस का गं? मला एकट्याला नाही जमत."

नव्या अल्टरनेटरला शोभेल असा रेग्युलेटर बसला. मालकांना मला टाकून देववेना, म्हणून त्यांनी मला कापडात गुंडाळून पुढच्या खणात ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मी काम न करता प्रवास केला. गाडी मुलगी चालवत होती. यंत्र सहाही तास एका लयीत चालले.

थोरली बहीण काठी टेकत व्हॅनच्या दारापर्यंत आली. "किती वाळलीस गं," म्हणाली. बाई म्हणाल्या, "तू माझ्या वाटचंही खाल्लंस ना, म्हणून." दोघी हसल्या, मग दोघींना ठसका लागला. त्या तिसऱ्या प्रहरापर्यंत बोलत बसल्या.

परतताना मालक मागच्या सीटवर बाईंचा हात धरून बसले आणि पाच मिनिटांत झोपले. मुलीने आरशात पाहिले. बाईंनी ओठांवर बोट ठेवले. कित्येक महिन्यांत ते असे झोपले नव्हते, हे मुलीला त्या दिवशी कळले.

बाई त्यानंतर पाच आठवडेच आमच्यात राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी मुकाट्याने सगळे आवरत असेल. ते आजवर निभावले म्हणून उद्याचेही निभावेल असे धरून चालू नका. त्याला विचारा. ठीक आहे, असे उत्तर आले तर जरा थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.