दाराबाहेरचा स्ट्रेचर

मित्रांनो, मी एक जुना स्ट्रेचर आहे. दोन लांब लाकडी दांडे आणि मध्ये जाड खाकी कापड, एवढाच माझा पसारा. माझ्यावर पडून कुणी कधी हसलं नाही. कण्हणं, शिव्या, आईला मारलेल्या हाका, हे मी भरपूर ऐकलं आहे.

माझा जन्म सैन्याच्या कारखान्यात झाला. तिथून थेट सीमेवर गेलो. तिथेच फौजी भेटला. 'फौजी' हे नाव त्याला पुढे वस्तीने दिलं, तेव्हा तो नुसता एक हडकुळा शिपाई होता. त्याचं काम बंदूक चालवण्याचं नव्हतं, जखमींना डोंगरावरून खाली आणण्याचं होतं. काही जण खाली पोचले. काही माझ्यावरच गेले. त्यांच्याबद्दल तो पुढे कधीही, कुणाशीही बोलला नाही. तुम्हीही विचारू नका.

त्याची नोकरी संपली तेव्हा मलाही निकामी ठरवलं होतं. तो साहेबापुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, हा मला द्या."

"घरी नेऊन काय करणार? झोपणार यावर?"

"आमच्या वस्तीत पायऱ्या आहेत, साहेब."

साहेबाला काही कळलं नाही, पण त्याने दिला. मला मात्र वस्तीत आल्यावर कळलं. टेकडीच्या अंगावर चिकटलेली घरं, मधून अरुंद पायऱ्या, आणि गाडीचा रस्ता पार खाली. वर कुणी आजारी पडलं की त्याला पाठीवर घ्यायचं, नाहीतर चादरीत गुंडाळून फरफटत न्यायचं. खाली नेईपर्यंत माणूस अर्धा व्हायचा.

फौजीने दाराबाहेर, पत्र्याच्या वळचणीला दोन आकडे ठोकले आणि मला टांगलं. कुलूप नाही, साखळी नाही. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "चोरीला जाईल की हो."

"जाऊ दे. चोर पायऱ्यांवरून पडला तर त्यालाही लागेलच."

मग त्याने माणसं तयार केली. सुट्टीच्या सकाळी सगळ्यांना ओढून आणायचा. उतरताना उंच माणूस पुढे, बुटका मागे. पेशंटचे पाय खाली, डोकं वर. आणि जन्मभर कवायत केलेला हा माणूस ओरडून सांगायचा, "पावलं जुळवू नका रे! पावलं जुळली की झोळी झुलते, पेशंटला ओकारी येते." पेशंट व्हायला पोरांची भांडणं लागायची. इस्त्रीवाला उंच, म्हणून कायम पुढे. तो कुरकुरायचा, "म्हणजे सगळं वजन माझ्यावरच." फौजी म्हणायचा, "आईने एवढा वाढवला तो कशासाठी?"

मी किती जणांना नेलं त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. बाळंतपणाच्या बायका नेल्या. भिंतीखाली सापडलेला गवंडी नेला. फौजीला वर्षानुवर्षं पाण्यात पाहणारा एक म्हातारा होता, त्यालाही नेलं. तो माझ्यावर पडल्या पडल्याही फौजीला शिव्याच देत होता. फौजी म्हणाला, "देऊ दे, श्वास चालू आहे म्हणजे."

कापड विरलं की फौजीची मुलगी ते शिवायची. ती कपडे शिवून पोट भरायची. दुहेरी टाका घालायची आणि स्वतः त्यावर उभी राहून बघायची.

मग लोक शहाणे झाले. सुट्टीच्या सकाळी दारं उघडेनाशी झाली. फौजी एकटाच बाहेर उभा असायचा. अशात वस्तीच्या समितीला त्याचा सत्कार करायची हौस आली. मंच बांधला, मला चकचकीत रोगण फासलं आणि मंचावर ठेवलं. अध्यक्ष म्हणाले, "हा आपल्या वस्तीचा ठेवा आहे." फौजीने दांड्यावरून हात फिरवला आणि मुलीला हळूच म्हणाला, "घामाच्या हातातून निसटेल हा."

सत्कार संपला आणि ठेव्याला समितीच्या ऑफिसात कुलूप लागलं.

फौजी मला परत मागायला आला. अध्यक्ष म्हणाले, "काका, बाहेर उन्हापावसात खराब होतो. आता तुम्ही आराम करा." तो पुन्हा आला, पुन्हा आला. शेवटी ऑफिसच्या पायरीवर बसून राहू लागला. त्याला बसलेला बघून लोक बाजूने निघून जायचे. सत्काराला टाळ्या वाजवणारे हेच हात.

एका दुपारी घरी असताना त्याच्या छातीत कळ आली. मुलगी धावत ऑफिसपाशी आली. कुलूप. किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष गावाला, फोन बंद. इस्त्रीवाल्याने दगड उचलला, तेवढ्यात एक जण म्हणाला, "कुलूप तोडू नका, अध्यक्ष चिडतील." मी त्याला खिडकीतून नीट पाहिलं. लहानपणी त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. त्याला खाली मीच नेलं होतं आणि मागचे दांडे फौजीच्या हातात होते.

आणि इस्त्रीवाल्याने दगड खाली ठेवला. हे मी विसरणार नाही.

त्यांनी फौजीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि निघाले. खिडकीसमोरूनच गेले. त्याची मान एका बाजूला पडत होती, तोंड पांढरं पडलं होतं. तरी तो पुटपुटत होता, "उंच माणूस पुढे... पुढे घे." कुणी ऐकलं नाही. सगळे एकदम ओढत होते. अर्ध्या पायऱ्यांवर खुर्चीचा पाय मोडला आणि तो पडला. गाडीपर्यंत पोचला तो निव्वळ देह.

शोकसभेला अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं. मला हार घातला. म्हणाले, "फौजीकाका अमर आहेत." मग मला भिंतीवर काचेच्या पेटीत बसवायचं ठरलं.

तेव्हा मुलगी उठली. "स्ट्रेचर दाराबाहेर लावा."

"ताई, तुमच्या भावना समजतो. पण आता ही त्यांची आठवण आहे."

"आठवण माझ्याकडे आहे. मला स्ट्रेचर हवाय."

सभेत सगळे आपापली नखं बघू लागले. इस्त्रीवाला तर रडत होता. रडायला काय जातं?

मित्रांनो, मी आता पेटीत आहे. रोज कुणीतरी फडक्याने काच पुसतं, खाली फौजीचं नाव लिहिलंय तेही पुसतं. वस्तीकरांनो, त्याच्यावर तुमचं प्रेम होतं, हे मला मान्य आहे. पण तुमच्या प्रेमाला कुलूप का लागतं, ते मला अजून कळलेलं नाही. माणसाचा मान राखायचा असेल तर त्याचं काम चालू ठेवा. नाहीतर निदान भाषणं तरी करू नका.

घरांच्या वरच्या ओळीत इस्त्रीवाल्याच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत. काल ती दोनदा थांबत थांबत पायऱ्या चढली. तिला कळा सुरू झाल्या की किल्ली शोधत बसू नका.

काच पातळ आहे.