मालसुनची बाजू

बेटाच्या मधोमध उभ्या हाल्ला डोंगराच्या दक्षिण उतारावर संत्र्यांचे मळे आहेत, मळ्यांखाली वखारी, आणि सगळ्यात खालच्या वखारीमागे मालसुनची पत्र्याची शेड. तिथे बारा महिने फुटके क्रेट येत. वीस किलो संत्री मावतील असे पिवळे प्लास्टिकचे क्रेट, प्रत्येकाच्या अंगावर काळ्या रंगात मालकाचं नाव. नाव कितीही ठळक लिहा, क्रेट काही एका घरी नांदत नाहीत. वखारीत सगळ्यांचे एकावर एक रचले जातात, हाताला लागतील ते ट्रकवर चढतात, आणि या गावचा क्रेट हिवाळा संपेस्तोवर डोंगराच्या पार पलीकडे कुणाच्या तरी अंगणात कोबी वाहत असतो. त्यावरून कोणी भांडत नाही. आज ना उद्या परत येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

फुटला की टाका आणि नवा घ्या, असं सांगणारे शहाणे पुष्कळ होते. मालसुन त्यांना म्हणायची, "तुझा गुडघा दुखतो ना रे? मग टाक की तोही."

ती सहासष्ट वर्षांची होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. हात मात्र सोन्याचे. अगदीच कामातून गेलेल्या क्रेटच्या ती बोटभर रुंद पट्ट्या कापून ठेवायची. फुटका क्रेट आला की गरम हवेच्या बंदुकीने तडाही मऊ करायची आणि पट्टीही, आणि दोन्ही एकजीव करायची. मेलेल्या क्रेटनेच जिवंत क्रेट बरा होतो, दुसरं प्लास्टिक त्याला मानवत नाही.

हे काम दोघी बहिणींचं होतं. वडिलांनी तसंच शिकवलं होतं. तडा एकाच टोकाकडून तापवत नेला तर क्रेट वाकडा होतो, म्हणून दोघींनी समोरासमोर बसायचं, क्रेट मध्ये घ्यायचा, एकीने या टोकाकडून निघायचं, दुसरीने त्या, आणि मधोमध भेटायचं. भेटण्याच्या जागी दोघींनी आपापलं टोक निमुळतं करायचं, म्हणजे एक दुसऱ्यावर गुमान बसतं. थोरली ह्वाजा डावखुरी. त्यामुळे तिच्या सांध्याच्या बारीक लाटा डावीकडे कलायच्या, मालसुनच्या उजवीकडे. या बेटावर बहिणींनी मिळून सांधलेले हजारो क्रेट असतील, आणि प्रत्येकाच्या मध्यावर लाटांची दिशा बदलते.

तीस वर्षं अशा बसल्या. मग बावन्नाव्या वर्षी ह्वाजाने डोंगरापलीकडच्या एका बिजवराशी लग्न ठरवलं. मालसुनचं लग्न कधी झालंच नव्हतं, आणि आपण दोघी म्हाताऱ्या होऊन याच शेडमध्ये मरणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं. ताईने सांगितलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डोंगर ओलांडलास ना, तर इकडची वाट विसर," ती म्हणाली होती. "आणि मलाही."

त्याला एकोणीस वर्षं झाली. मोटारीने तासाभराचा रस्ता. पण बेटावरच्या माणसांना विचाराल तर डोंगर ओलांडणं म्हणजे परमुलखात जाणं. लग्न नाहीतर मयत असल्याशिवाय कोणी निघत नाही. लग्नाला मालसुन गेली नव्हती. उरलं होतं ते एकच कारण, आणि त्याचा विचार मनात आला की ती बंदुकीची हवा मोठी करायची. आता ती अर्धा सांधा घालायची, क्रेट फिरवायची आणि समोरचीचं कामही स्वतःच करायची.

ताई तिकडेही हेच काम करते, हे तिला क्रेटनीच सांगितलं. पलीकडून फिरून आलेल्या एखाद्या क्रेटवर डाव्या लाटांचा ताजा सांधा दिसायचा. मालसुन त्यावरून अंगठा फिरवायची. लाटा एकसारख्या आहेत, म्हणजे तब्येत बरी आहे. एवढं कळलं की तिला त्या दिवशी भात गोड लागायचा. एरवी तिला ताईची आठवण यायची ती जेवताना. समोर दुसरी वाटी नसली की घास मोठा घ्यावा लागतो, असं तिला वाटायचं.

तीन हिवाळ्यांपूर्वी अर्धे सांधे येऊ लागले. तड्याच्या एका टोकापासून मध्यापर्यंत डाव्या लाटा, पुढे तडा उघडा तो उघडाच. पहिला आला तेव्हा मालसुनने ट्रकवाल्या चांगहोलाच धारेवर धरलं.

"हे काय काम म्हणायचं? अर्धवट?"

"मला काय विचारता मावशी, मी ओझी वाहतो," चांगहो म्हणाला. "तुमच्या ताईला विचारा."

"मला ताई नाही."

"बरं. मग ज्या नाहीत त्यांना विचारा."

तिला वाटलं, बाईसाहेबांना आळस चढला. की मुद्दाम चाललंय हे? उरलंसुरलं काम धाकटीच्या गळ्यात? तिने रागारागाने उरलेला तडा भरून टाकला, ताईच्या टोकावर आपली पट्टी दाबून चढवली आणि क्रेट परत धाडला. अर्धं काम तिला बघवत नसे. दुसऱ्याचं असलं तरी हात शिवशिवायचे. त्या हिवाळ्यात असे सात आले, पुढच्या हिवाळ्यात वीस. सगळे तिने शिव्या देत पुरे केले.

यंदा तोडणीच्या ऐन दिवसांत एक जुना क्रेट आला. उन्हाने फिकट झालेला, अंगावर वडिलांचं नाव. अक्षर ह्वाजाचं, वीस वर्षांची असतानाचं. त्यालाही तडा, आणि तडा अर्धाच सांधलेला. यावर मात्र मालसुनला बंदूक लगेच चालवेना. क्रेट मांडीवर घेऊन ती उजेडात बसली आणि पहिल्यांदाच तिने ताईच्या सांध्याचं टोक नीट पाहिलं.

टोक निमुळतं होतं. अगदी जिभेच्या शेंड्यासारखं, काळजीने पातळ केलेलं.

काम टाकून उठणारा माणूस टोक निमुळतं करत नाही. समोरून दुसरा येणार असला तरच ते करतात. तीन वर्षं ताई हाक मारत होती, आणि ती दर वेळी हाकेवर गरम पट्टी दाबून मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने मुळ्याचं सारण भरून कुट्टूची धिरडी केली. ताईला ती फार आवडायची, गार झालेलीच. डबा एका हातात आणि वडिलांच्या नावाचा क्रेट दुसऱ्या हातात घेऊन ती चांगहोच्या ट्रकपाशी उभी राहिली.

"मयत कोणाची?" चांगहोने घाबरून विचारलं.

"तुझी होईल. चल."

वाटभर ती काय बोलायचं ते जुळवत होती. आधी माफी मागायची, की आधी भांडायचं? भांडणच बरं, तिने ठरवलं. भांडलं की ताईला ओळख पटेल.

ह्वाजाच्या घरी अंगणात सून भेटली. नाव ऐकताच तिने हातातली टोपली खाली ठेवली.

"तुम्ही मालसुन मावशी? खऱ्याच आहात म्हणजे." मग तिने आवाज उतरवला. "तीन वर्षं झाली त्यांचं डोकं साथ देत नाही. सासरे गेले, ते त्यांना आठवत नाही. मलासुद्धा कधी कधी शेजारीण समजतात. हात तेवढे चालतात. पण मध्यावर आल्या की थांबतात. आम्ही कितीदा सांगितलं पुरं करा, तर ऐकत नाहीत."

मालसुन शेडच्या दारात गेली. ताई बुटक्या स्टुलावर बसली होती. केवढीशी झाली होती. समोर दुसरं स्टूल होतं, रिकामं, त्यावर शिवलेली गादी. मध्ये क्रेट.

"ताई," मालसुन म्हणाली. एवढ्या वाटेत जुळवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

ह्वाजाने मान वर केली. "क्रेट आणलास? ठेव तिकडे. उद्या मिळेल."

मालसुन पुढे होऊन समोरच्या स्टुलावर बसायला लागली.

"तिथे नको गं बाई. ती मालसुनची जागा आहे."

मला विसर, असं मालसुननेच सांगितलं होतं. ताईने लहानपणापासून तिचं सगळं ऐकलं होतं, हेही ऐकलं. आणि तरी तिची जागा राखून ठेवली होती. मालसुन स्टुलापासून मागे सरली.

"कुठे गेलीय मालसुन?"

"रुसलीय. तिच्या नाकावर राग." ह्वाजा हसली. "येईल. अर्धं काम तिला बघवत नाही, म्हणून तर मी ठेवते. बघितलं की तिचे हात शिवशिवतात."

चांगहो मागे येऊन उभा होता. त्याने टोपी काढली आणि तो बाहेर गेला.

"ती येईपर्यंत मी बसू?" मालसुनने विचारलं.

ह्वाजाने तिला नखशिखांत न्याहाळलं. "काम येतं?"

"येतं थोडं."

"बस मग. पण ती आली की उठायचं."

"उठेन."

मालसुनने वडिलांच्या नावाचा क्रेट मध्ये ठेवला, बंदूक घेतली आणि दुसऱ्या टोकाकडून निघाली. धूर डोळ्यांत जातोय असं करून तिने दोनदा डोळे पुसले. मध्यावर आली तेव्हा टोक निमुळतं केलं आणि ताईच्या टोकावर अलगद बसवलं. ह्वाजाने जोडावरून अंगठा फिरवला, या बाजूने त्या बाजूला, बराच वेळ.

"हात चांगला आहे तुझा," ती म्हणाली. मालसुनने डबा उघडून पुढे केला. ह्वाजाने एक धिरडं उचललं, अर्धं मोडून खाल्लं, आणि उरलेलं अर्धं स्टुलाच्या कडेला नीट ठेवून दिलं.

मग दुसरा क्रेट पुढे ओढता ओढता तिने दाराकडे पाहिलं.

"आज फारच उशीर केला हिने," ती म्हणाली.

मालसुननेही दाराकडे पाहिलं.