तिकडूनच बंद केलं असेल

"नात दिसून नाही राहिली," शामराव काउंटरवर कोपर टेकवत म्हणाले. "कालपासून. आमचा पराग कॅनडातून तिचे फोटो लावते, ते पानच उघडून नाही राहिलं. कांता दोनदा आंघोळ करून, कुंकू लावून बसली कॉम्प्युटरसमोर."

इंद्रजीतनं मान वर केली नाही. तक्रार काय आहे हे त्याला आधीच माहीत होतं, कारण बंद त्यानंच केलं होतं.

सदर बाजारात सराफाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ही केबल इंटरनेटची कंपनी. रायपूर राजधानी होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि शहराला मोठं व्हायची भारी घाई होती. गुढियारीतल्या अर्ध्या घरांत वायर इंद्रजीतनंच ओढली होती. बाप रेल्वेत खलाशी, त्यामुळे पोरगा खुर्चीवर बसून काम करतो याचं घरात कोण कौतुक. परवा दिल्लीहून पत्र आलं होतं: ही बारा पानं बंद करा, आणि यादी कोणाला दाखवू नका. बाराही पानं एकाच ठिकाणची, जिथे जगभरचे लोक फुकटात आपापली डायरी लिहीत, फोटो लावत. एकेक पान वेगळं अडवणारं यंत्र कंपनीकडे नव्हतं. बंद करायचं तर ते ठिकाणच पूर्ण बंद.

"भैया, इसमें तो लाखों लोगों का बंद हो जाएगा," तो मालकाला म्हणाला होता.

"और बारा बंद नहीं हुए तो मेरा लाइसेंस बंद होगा," शेखर भैया म्हणाले. "कोई पूछे तो बोलना, सामने वाले ने बंद किया होगा. सरकार का नाम नहीं लेना."

त्या दिवसांत पेपरांत मोठमोठे लेख येत होते. लोकांनी काय पाहावं हे सरकारनं ठरवावं का, सुरक्षा मोठी की बोलण्याचा हक्क मोठा. इंद्रजीतला दोन्ही बाजू पटायच्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं, एवढं त्यालाही कळत होतं. पण ओलं म्हणजे आपल्याच गल्लीतली कांताकाकू, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तिकडूनच बंद केलं असन, काका," तो म्हणाला.

शामराव थबकले. "परागनं?"

"ज्याचं पान, तोच बंद करते."

शामरावांचा आवाज खाली आला. "रविवारी फोनवर कांता सुनेले जरा जास्तच बोलली. एवढ्या थंडीत पोट्टीले बाहेर काहून नेतेस म्हणून. तिनं फोनच ठेवून देल्ला. त्याचाच राग असन का?"

इथे बोलायला हवं होतं. नाही काका, ते कारण नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण आतल्या खोलीचं दार उघडं होतं, शेखर भैया आत बसले होते, आणि इंद्रजीतच्या तोंडून निघालं, "हव, तसंच असन मंग."

कांताबाई हट्टी बाई. पुढच्या रविवारी कॅनडाहून परागचा फोन आला, तर त्या उठल्याच नाहीत. नात दाखवायची नाही तर माझ्याशी बोलायचं काय काम, म्हणाल्या. माय-लेकाच्या मधात नको, म्हणून शामराव नुसतं "बरी हाय" म्हणत राहिले. हे सगळं इंद्रजीतला त्याच्या बायकोकडून, अपर्णाकडून, कळत होतं. दोन दिवसांत सुरू होईल, मग आपोआप मिटेल, असं तो रोज स्वतःला सांगायचा. जाऊन खरं सांगायला चार मिनिटं लागली असती.

बाराव्या दिवशी सकाळी तांदूळ निवडता निवडता कांताबाई आडव्या झाल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिसऱ्या दिवशी पराग बायको-पोरीला घेऊन कॅनडाहून आला.

अठराव्या दिवशी दुसरं पत्र आलं. फक्त बारा पानं अडवायची होती, सगळं ठिकाण बंद करायला कोणी सांगितलं, असा उलट जाब. शेखर भैयांनी मुंबईहून यंत्र मागवलं आणि इंद्रजीतनं बाकीचं उघडून दिलं. चालतं का पाहायला म्हणून त्यानं परागचं पान लावलं. काकू जाईपर्यंतच्या बाराही दिवसांचे फोटो होते, एकही दिवस चुकला नव्हता. खाली मराठीत ओळी. 'आई, आज अनुश्री भिंत धरून उभी राहिली.' मग, 'आई, फोन का घेत नाहीस? शर्मिष्ठाला फार वाईट वाटतंय.' त्याला पुढे वाचवलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाजही फार उशिरा आली होती.

तो तसाच गुढियारीला गेला. शामराव ओसरीवर बसले होते. इंद्रजीतनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पत्रासकट.



"मी रेल्वेत गार्ड होतो," शामराव म्हणाले. "गाडी मधातच थांबली की लोक विचारत, काहून थांबली? कधी कधी कारण माहीत राहे, पण सांगाचा हुकूम नसे. तवा मी म्हणो, सांगता येत नाही. लोक शिव्या देत. देऊ दे. पण दुसऱ्याच्या डोक्यावर खोटं नाही टाकलं, बेटा."

शामरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"हे मले सांगून काय होते? तिले सांग." त्यांनी आत हाक मारली. "शर्मिष्ठा."

सून पोरीला कडेवर घेऊन दारात आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"वहिनी," इंद्रजीत म्हणाला, "ते पान तुम्ही बंद केलं, असं मी काकांना सांगितलं होतं. तुम्ही नाही. मी बंद केलं होतं."

तिला समजायला वेळ लागला. "मतलब, मम्मी को लगा कि हमने...?"

"हो."

"और आखिर तक यही लगता रहा?"

इंद्रजीतनं मान डोलावली. शर्मिष्ठा पोरीसकट तिथेच उंबऱ्यावर बसली.

शामराव उठले. भिंतीशी टेकवलेली लोखंडी खुर्ची त्यांनी उघडली आणि इंद्रजीतपुढे ठेवली.

"बस," ते म्हणाले. "पराग तेराव्याचं सामान घेऊन येते आता. त्यालेही सांगाचं हाय."