पाणबुडीसाठी तापलेली भट्टी

मित्रांनो, जरा लांबूनच बोला, चटका बसेल! वास्कोच्या एका गोदीत वेल्डिंगच्या रॉडी भाजून कोरड्या ठेवणारी मी एक जुनी भट्टी आहे. रॉड म्हणजे लेप दिलेली लोखंडी कांडी. ती वितळून दोन पत्रे जोडते. लेप दमट झाला, की जोडात बारीक पोकळ्या राहतात. आणि आमच्या गोव्याची हवा कशी, तर डब्याबाहेर पापडसुद्धा तासभर कुरकुरीत राहत नाही!

माझा जन्म डिचोलीतल्या एका वर्कशॉपात झाला. खनिज वाहणाऱ्या बार्जींसाठी, म्हणजे नदीतल्या सपाट बोटींसाठी, मी वर्षानुवर्षे रॉडी भाजल्या. "ही नाय तर आमचा काम नाय," असं तिथले वेल्डर शिवदास मेस्त कौतुकाने म्हणायचे. मग खाणी बंद पडल्या, बार्जी किनाऱ्याला लागल्या आणि माझ्या पोटात कोंबडीने अंडी घातली. फार वाईट वाटलं, मित्रांनो.

पण दिवस पालटले! वास्कोच्या गोदीत नव्या जातीच्या पाणबुड्या बांधायचं ठरलं. परदेशी कंपनीने नकाशे दिले, शिकवायला माणसं पाठवली. शिवदासकाका तिथे मुकादम झाले आणि मला घासूनपुसून शिकाऊ विभागात घेऊन आले. तिथे मला पेडण्याची सेजल भेटली. वेल्डिंगला तिचा हात असा स्थिर, की बघत राहावं!

पाणबुडीचं पोट म्हणजे जाड पोलादी कड्यांची रांग. परीक्षेत सेजलने जोडलेला पत्रा पास झाला, तर पहिलं कडं आपल्याच माणसांच्या हातून जोडलं जाणार होतं. नाहीतर ते परदेशातून तयार येणार, आणि आमच्या पोरांनी त्याला नुसता रंग फासायचा!

परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती आणि ती घ्यायला त्या कंपनीचा एक साहेब येणार होता. खंडेनवमीला सगळ्यांनी माझी पूजा केली. बटण बंद करून मला पुसलं, झेंडूची माळ घातली, आतबाहेर पाणी शिंपडलं. मी लाजून चूर! मात्र बटण पुन्हा लावायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

परीक्षेच्या सकाळी सेजलने माझं दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, भट्टी थंड आसा!"

"रॉडी तर सुक्यो दिसतत गो," काका कुजबुजले. "सायब आज सांजेच्या विमानान जातलो. उगी रव, कोणाक कळूचा नाय."

"काका, त्या पोटात माणसां आसतली. पाण्याखाली!"

तिने परदेशी साहेबाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरं ते सांगून टाकलं. साहेबाने कपाळाला आठ्या घातल्या, घड्याळ पाहिलं आणि खुर्ची ओढून तो बसला. थांबतो म्हणाला, पण दुपारपर्यंतच.

दमट रॉडी बाजूला झाल्या, नवं पुडकं आत आलं, बटण लागलं. मग मी जी तापले म्हणता! म्हातारी असले म्हणून काय झालं? जीव तोडून तापले. काटा चढत गेला. काका देवाचं नाव घेत येरझारा घालत होते. रॉडी भाजून निघाल्या, सेजलने तोंडावर मुखवटा ओढला आणि ठिणग्या उडाल्या!

एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली, तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. जोडात पोकळीचा एक ठिपकासुद्धा नव्हता! साहेबाने सही केली आणि उठून सेजलशी हात मिळवला. काका डोळे पुसत पोरीला म्हणाले, "चेडवा, तू राखलस आमका."

आता पहिलं कडं उभं राहतं आहे आणि त्याच्या रॉडी माझ्या पोटातून जातात! मित्रांनो, आम्हा यंत्रांची पूजा जरूर करा. आम्हाला ती आवडते. पण माळ घालून झाली, की आमचं बटण तेवढं पुन्हा लावा.