खिडकीखालच्या गोळ्या

शाळेने मुलांना मागच्या गल्लीतला कचरा उचलायला नेलं, तेव्हा मुंगीला आधी आनंदच झाला. गणिताचा तास बुडाला होता! अंगाने चिमुकली आणि एका जागी न टिकणारी, म्हणून घरात पडलेलं हे नाव शाळेतही चिकटलं होतं. हातमोजे कोपरापर्यंत येत होते, तरी पोतं भरण्यात ती सगळ्यांच्या पुढे.

गल्ली तिच्याच इमारतीच्या मागून जात होती. तिथल्या झुडपाखाली तिला पांढऱ्या गोळ्या दिसल्या. काही मातीत विरघळलेल्या, काही अगदी कोऱ्या. तिने मान वर केली. वर आबांची, तिच्या आजोबांची खिडकी.

"बाई, इथे कुणीतरी गोळ्या पेरल्यात!" तिचा वर्गमित्र ढब्बू ओरडला. सगळे खिदळले. मुंगीने मात्र गोळी ओळखली. दुपारी कामावर निघताना आई आबांच्या हातावर ठेवायची, तीच ही हृदयाची गोळी. तिने मुकाट्याने सगळ्या वेचल्या आणि पिशवीत बांधून बाईंकडे दिल्या.

घरी आली तर आबा खुर्चीत तिची वाट बघत बसलेले.

"आबा, गोळी घेतली?"

"घेतली की."

"तुम्ही, का खिडकीने?"

आबांचा चेहरा खर्रकन उतरला. "आईला सांगू नकोस हं."

"पण का फेकता? तुम्हाला काही झालं म्हणजे?" मुंगीला रडू फुटलं.

आबांनी तिला जवळ ओढलं. "अगं, ती घेतली की डोळ्यांवर झापड येते. आधी घेत होतो ना, तेव्हा तू शाळेतून यायचीस आणि मी घोरत पडलेला. तू आपली दप्तर ठेवून, पाय न वाजवता खेळायला पळायचीस. दिवसभरात माझ्याशी गप्पा मारणारी तू एकटी. तेवढा वेळ झोपेत घालवू?"

मुंगीने नाक पुसलं. "आणि तुम्हीच नसलात तर मी कुणाशी मारू गप्पा?"



रात्री तिने आईला सगळं सांगितलं. आई आधी आबांवर चिडली, मग त्यांचा हात धरून नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आबांना चांगलंच फैलावर घेतलं आणि म्हणाले, "झोप येते एवढंच ना? मग झोपतानाच घ्या. आधी सांगायचं नाही का?"

"विचारलं कुणी?" आबा पुटपुटले. आईने डोळे वटारले.

तेव्हापासून आबा रात्री मुंगीसमोर गोळी गिळतात आणि जीभ बाहेर काढून दाखवतात. दुपारी टक्क जागे असतात. परवा शाळेची घंटा वाजवताना दोरी तुटून शिपाईमामा पडले, ती हकिगत त्यांनी तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दर वेळी शिपाईमामा आणखी थोडे लांब जाऊन पडले.