न मोजता येणाऱ्यांचे माप

वाचकहो, मी स्टीलची एक वाटी आहे. पोटात तांदूळ शिगोशीग भरून घ्यावेत आणि पातेल्यात रिते करावेत, एवढीच माझी विद्या. परंतु त्याच विद्येच्या बळावर मी इंग्रजी व्याकरणाचा एक धडा गिरवला. तो आपल्यापुढे ठेवते.

सांगलीजवळच्या एका कारखान्यात पत्र्याची चकती यंत्राखाली दाबून मला आकार दिला गेला. पद्मिनीबाईंच्या आईने मला लेकीच्या रुखवतात मांडले. तेव्हापासून त्या संसारातला भात माझ्याच मापाने शिजत आला.

पुढे मुलगा शंतनू मिशिगनमधील ट्रॉय येथे मोटारींच्या कंपनीत नोकरीस लागला. उतारवयात आईवडील त्याच्याकडे राहावयास आले, आणि लुगड्याच्या घडीत बसून मीही आले. येथे सून रेणूचे आकडे छापलेले प्लास्टिकचे कप होते. त्यांच्यापुढे मी अंगठाछाप. साहजिकच माझी रवानगी खणाच्या तळाशी झाली.

खणातून सारे घर ऐकू येई. पद्मिनीबाईंचे यजमान देवदत्त यांची शाळा सातवीत सुटली होती. इंग्रजी त्यांनी व्याकरणाची पुस्तके वाचून स्वतः कमावले होते, आणि कष्टाने कमावलेल्या वस्तूवर त्यांना डाग खपत नसे. बाईंनी इंग्रजीत तोंड उघडले की दुरुस्ती हजर. एकदा शेजारीण दाराशी आली असता बाई 'राइसेस' म्हणाल्या. देवदत्तांनी तिच्यादेखतच समजावले की राइस हे अगणनीय नाम आहे, त्यास अनेकवचन नाही. वॉटर, फर्निचर, ॲडव्हाइस यांचीही तीच गत.

नियम खराच होता. परंतु जिने जन्मभर तांदूळ निवडले आणि तांदूळ धुतले, तिच्या जिभेवर ते अनेकच होते. व्याकरणाच्या एका फटक्यात ते एक कसे व्हावेत?

बाई हळूहळू इंग्रजीत बोलेनाशाच झाल्या. डॉक्टरांनी कोठे दुखते असे विचारले तरी उत्तर देवदत्त देत. दुखणे एकाचे, वाक्य दुसऱ्याचे.

रेणूने दोघांची नावे वाचनालयातल्या इंग्रजी संभाषणाच्या मोफत वर्गात घातली. तेथेही बाईंच्या वाटचे देवदत्तच बोलू लागले. अखेर कॅरल नावाच्या शिक्षिकेने बाईंना सांगितले की पुढच्या मंगळवारी त्यांनी एक पदार्थ करून दाखवावा आणि त्याची कृती स्वतःच्या तोंडाने सांगावी.

त्या मंगळवारी खण उघडला आणि बाईंनी मला बाहेर काढले.

“आई, माझे कप घ्या ना. त्यांच्यावर मेजरमेंट लिहिलेलं आहे,” रेणू म्हणाली.

“लिहिलेलं वाचायला चष्मा लागतो. हिला नाही लागत.” मग मला पुसता पुसता बाई हळूच म्हणाल्या, “आज बोलता आलं नाही ना रेणू, तर मी पुन्हा जायची नाही. आग्रह करू नकोस.”

बाबांना घरी ठेवू का, असे रेणूने विचारले.

“नको गं. इथं बसून चुटपुटत राहतील ते. आल्यावर सगळं परत बोलायला लावतील.”

वर्गात विजेचा कुकर मांडला होता. बाईंनी मला तांदळांनी भरले, तळहाताने सपाट केले, ओतले, आणि सवयीने म्हणाल्या, “लाभ.” आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. दुसऱ्या मापाला त्या ‘दोन’ म्हणाल्या.

“वन म्हण, वन,” पहिल्या रांगेतून देवदत्त पुटपुटले. “लाभ काय इथं?”

शेजारच्या टेबलावरील इराकच्या नादियाने विचारले, लाभ म्हणजे वन का? देवदत्त उत्तर द्यावयास उठले.

बाईंनी मला टेबलावर टेकवले. जरा जोरातच.

“अहो, बसा. हे मला विचारलंय.”

मग त्या वर्गाकडे वळल्या. “फर्स्ट कप, वी नॉट से वन. वन इज स्मॉल. वी से लाभ. मीनिंग, लेट इट बी मोअर. देन टू राइसेस, फोर वॉटर्स.”

देवदत्तांचे ओठ हलले. मी त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांच्या आईनेही दारातल्या सुपात पहिले माप याच शब्दाने टाकले असणार, आणि इतक्या पुस्तकांत त्या शब्दाला त्यांनी कधी जागा शोधली नव्हती. ते सावकाश खाली बसले.

नादिया पुढे आली. तिने मला पाण्याने भरले आणि ठसक्यात ‘लाभ’ म्हणून ओतले. पाणी मापताना तसे कोणी म्हणत नाही. तिला कोणी दुरुस्त केले नाही.

परतताना रेणूच्या गाडीत बाईंनी विचारले, “किती चुका झाल्या हो?”

“मोजल्या नाहीत.”

“चुका तर मोजता येतात ना इंग्रजीत?”

“येतात,” देवदत्त खिडकीबाहेर पाहत म्हणाले. “पण मोजल्या नाहीत.”

अलीकडे माझी जागा ओट्यावर, त्या आकडेवाल्या कपांच्या शेजारी आहे. आमचे बरे जमते. तुमच्या घरीही कोणी परक्या भाषेत अडखळत असेल, तर माझी एक विनंती आहे. त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. नियम कोठे पळून जात नाहीत. आता निरोप घेते. बाईंचा हात माझ्याकडे येत आहे, आणि घरात सगळ्यांना भुका लागल्या आहेत.