'बी'च्या खोक्यातली चिठ्ठी

हारोच्या वाट्याला बोलीकोशातला सगळ्यात चिमुकला शब्द आला होता, आणि त्यानेच गेले सात महिने त्याच्या नाकी नऊ आणले होते. उत्तर जर्मनीच्या खेड्यांतला 'बी'. मुळात म्हणे अर्थ 'भोवताली'; मग सरकत सरकत 'जवळ', 'पाशी', 'कुणाच्या घरी' असा मिळेल तिथे जाऊन बसलेला. त्याच्या वापराची वाक्यं टिपलेल्या चिठ्ठ्या साडेचार हजार, छापायला जागा दीड पान.

"आटप की रे आता," समोरच्या टेबलावरून वीबके म्हणाली. "तुझ्या 'बी'पायी माझे पुढचे शब्द अडलेत. निवृत्त होईपर्यंत पुरवतोस की काय?"

"'जवळ'साठी एक धड वाक्य मिळू दे, सुटलीस तू."

चिठ्ठ्या गावोगावच्या मास्तर-मास्तरणींनी धाडलेल्या. नियम कडक: कानांनी ऐकलं तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, खाली गाव, तारीख, बोलणाऱ्याचं नाव, वय. हारोची आई गेशे हे काम तीस वर्षं नेमाने करत होती. ती जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिचं तिरकं अक्षर खोक्यात भेटलं की त्याला बरं वाटायचं.

त्या दुपारी पुन्हा ते अक्षर निघालं. 'हारो अजून माझ्याजवळ कसा नाही?' खाली ११ मार्च १९५९. बोलणारा: एन्नो, मासेमार, वय एकसष्ट.

एन्नो म्हणजे हारोचे वडील, आणि ते गेले तोच हा दिवस. हारो हॅम्बुर्गहून परीक्षा संपवूनच निघाला होता. "शुद्धच नव्हती रे त्यांना," आईने दारातच सांगितलं होतं. "कुणाचं नावसुद्धा काढलं नाही." त्या एका वाक्यावर त्याने अठ्ठावीस वर्षं काढली. मुलाशी खोटं बोललेली आई चिठ्ठीशी खोटं बोलू शकली नव्हती. तिचा त्याला भयंकर राग आला, आणि तिची दयाही आली.

वीबकेने उठून चिठ्ठी वाचली. "दुसरं घे एखादं," ती हळूच म्हणाली. "नाहीतर नाव तरी बदल. कोण बघायला येतंय?"

"आईने नाही बदललं."

त्याने वाक्य होतं तसं 'जवळ'खाली उतरवलं. पुढे गाव लिहिलं, साल लिहिलं. त्या सालची ती परीक्षा याच असल्या शब्दांच्या उगमाची होती, आणि तीत तो पहिला आला होता.